कुणी बघत नसलं की पळतात

शाळकरी मुलांच्या तब्येतीचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला मोबाईल येतो आणि चौथ्याला "आमच्या वेळी". पालकसभेत हेच, स्टाफरूममध्येही हेच. मी माध्यमिकला विज्ञान शिकवते आणि मधल्या सुट्टीत माझी मैदानावर ड्युटी असते, म्हणजे अकरा ते सोळा वयाची पोरं खाताना, खेळताना आणि मुख्य म्हणजे न खाताना, न खेळताना बघणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, आणि इतकं बघून झाल्यावर मला ते मोबाईलचं उत्तर आता पुरत नाही. कारण आमच्या शाळेत मोबाईलला बंदी आहे. सुट्टीत कुणाच्याच हातात फोन नसतो. तरी अकरा वर्षांचं पोर वर्गाच्या दारातून बाहेर पडतं ते पळतच, बरं त्याला कुठे पोचायचं असतं असंही नाही, आणि तेच पोर चौदाव्या वर्षी त्याच दारातून बाहेर येतं आणि कडेकडेने चालत जाऊन भिंतीला टेकून उभं राहतं. मैदान तेच, घंटा तीच, सुट्टीची मिनिटंही तेवढीच. मग मधल्या काळात होतं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १४६ देश, ११ ते १७ वयाची १६ लाख शाळकरी मुलं. रोज तासभर तरी दम लागेल असं अंग हलवायला हवं हा निकष, आणि २०१६ साली जगातली ८१ टक्के मुलं त्याच्या खाली होती. मुलगे ७७.६, मुली ८४.७. देशांची यादी बघितली तर सगळ्यात बरा आकडा बांगलादेशचा, तो ६६ टक्के, आणि सगळ्यात वाईट दक्षिण कोरियाचा, ९४. म्हणजे जो देश पहिला आला तिथेही तीनातली दोन मुलं नापास! श्रीमंत-गरीब असा सरळ हिशोबही लागत नाही. पण मला त्यातला दुसराच एक आकडा जास्त बोलका वाटतो. त्याच अभ्यासात २००१ सालचे आकडेही आहेत. मुलग्यांचे ८०.१, मुलींचे ८५.१. आता २००१ मध्ये कुठे होते स्मार्टफोन? पोरांच्या खिशात काय होतं तेव्हा? आणि तरीही मुली तेव्हा जिथे होत्या जवळपास तिथेच पंधरा वर्षांनीही, आणि मुलगे तर थोडे सुधारलेच. (हे सगळं मुलांनी स्वतः प्रश्नावलीत भरलेलं असतं, त्यामुळे दशांशावर फार जीव टाकू नये, पण मोबाईलने सगळं बिघडवलं असं असतं तर ते एवढ्या मोठ्या आकड्यात कुठेतरी दिसलं असतं ना.) फोन निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये, झोपेच्या बाबतीत तो चांगलाच दोषी आहे आणि त्याच्याकडे मी येणारच आहे. पण मैदान तो यायच्या आधीच रिकामं व्हायला लागलं होतं.

माझं म्हणणं साधं आहे. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत मूल खेळतं आणि खातं ते स्वतःच्या अंगाच्या सांगण्यावरून. त्यानंतर खेळणं आणि खाणं या दोन्ही गोष्टी चारचौघांसमोर करायच्या गोष्टी होतात. कोण बघतंय, कसं दिसतंय, कोण हसलं. आणि आपली शाळा, आपली पीटी, आपलं कॅन्टीन, आपलं घरसुद्धा, सगळं नेमकं असं रचलेलं आहे की या वयातल्या मुलाला प्रत्येक वेळी प्रेक्षकांसमोरच उभं राहावं लागतं.

आधी अंगाचं बघू, कारण अंगच बदलत असतं. मुलींची उंची सर्वात जोरात वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलग्यांची चौदाव्या. त्या जोराच्या वर्षात मुलगे नऊ-दहा सेंटिमीटर वाढू शकतात. एकाच बाकावर बसलेली दोन तेरा वर्षांची मुलं घ्या, एकाला मिसरूड फुटलेलं आणि दुसरा अजून प्राथमिकमधून चुकून आल्यासारखा. कागदावर वय एक, शरीराचं वय बघायला गेलं तर तीन-चार वर्षांचं अंतर. वाढीच्या या काळात काही मुलांना गुडघ्याच्या वाटीच्या खाली दुखतं, तिथे टेंगूळ आल्यासारखं हाड वर येतं, उडी मारली की कळ. ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला, वाढ थांबली की सहसा आपोआप जातं. पण शाळेत त्याचं नाव "नाटक" असतं. "कालपर्यंत बरा होता, आज धावायचं म्हटल्यावर गुडघा दुखतो का रे?" हे वाक्य मी मैदानावर इतक्यांदा ऐकलंय, आणि ते सगळ्यांसमोर म्हटलेलं असतं हे महत्त्वाचं. पुढच्या वेळी तो गुडघा दाखवत नाही, तो बूट विसरतो. बूट विसरलेल्याला बसायला मिळतं.

पीटीचा तास जवळून बघण्यासारखा असतो. मी बघते कारण माझी प्रयोगशाळा मैदानाच्या बाजूला आहे आणि खिडकीतून सगळं दिसतं. घंटा झाल्यावर वर्ग खाली उतरायला पाच-सात मिनिटं जातात. मग रांग, मग हजेरी, मग "सरळ रांग" साठी पुन्हा रांग. मग सर सांगतात आज काय करायचंय, मग दोन टीम. टीम पाडायची पद्धत तर सगळ्यांना माहितीये, दोन कॅप्टन समोर उभे राहणार आणि आळीपाळीने एकेक नाव घेणार, आणि शेवटी दोघंतिघं उरणार ज्यांना कुणी नाव घेऊन बोलवत नाही, "बाकीचे तुझ्याकडे घे" म्हणतात. मग एक चेंडू आणि चाळीस मुलं. त्यातली आठ-दहा चेंडूच्या मागे, बाकीची आपण खेळतोय असं वाटावं इतपत हलत असतात, आणि काही सावलीत. जगभरात पीटीच्या तासात मुलं खरोखर किती हलतात हे घड्याळ लावून आणि यंत्रं बांधून मोजलेलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी निम्मा तासही भरत नाही. आठवड्यातून दोन तास असले तरी हाताशी काय येतं बघा. सर वाईट नाहीत हं, आमचे सर तर खूपच चांगले आहेत, पण एक माणूस, एक चेंडू, चाळीस पोरं आणि वरून तासाच्या शेवटी मार्क द्यायचे, यात कुणीही काय वेगळं करणार.

आणि मग येते बीप टेस्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कॅनडातल्या लुक लेजे नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही वीस मीटर शटल रन चाचणी काढली. वीस मीटरवर दोन रेघा, टेपवर बीप वाजतो, पुढच्या बीपच्या आत पलीकडच्या रेघेला पोचायचं. सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरने आणि दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वेग वाढतो. चाचणी म्हणून उत्तम आहे, मैदान आणि एक स्पीकर एवढ्यावर हृदय-फुप्फुसांच्या क्षमतेचा बऱ्यापैकी अंदाज येतो, विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला ती आवडते. फक्त तिची रचना बघा. जो सर्वात कमजोर तो सर्वात आधी बाहेर पडतो, आणि मग बाकीचे पळत असताना तो बाजूला उभा राहतो, आणि जसजसे आणखी बाहेर पडतात तसतसे प्रेक्षक वाढत जातात. पहिल्या दुसऱ्या मिनिटात जो थांबला त्याच्याकडे अख्ख्या वर्गाने बघितलेलं असतं, तो धापा टाकताना, लाल झालेला. त्या मुलाला तुम्ही उद्या संध्याकाळी पळायला जा सांगून बघा. आकडा मिळाला, रजिस्टर भरलं, आणि तो आकडा ज्याचा सुधारायला हवा होता तोच मैदानावरून कायमचा गेला.

जे राहतात ते कोण? बहुतेक लवकर वाढलेले. शाळेची टीम निवडताना आपण गुण बघतोय असं वाटतं पण बऱ्याचदा आपण जन्मतारीख आणि मिसरूड बघत असतो. कॅनडातल्या आइस हॉकीबद्दल १९८५ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध झालं होतं, तिथे वयोगटाची सीमा १ जानेवारी, आणि वरच्या स्तरावरच्या खेळाडूंमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा दिसला. जानेवारीतलं पोर डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळपास वर्षभराने मोठं, लहान वयात एवढा फरक पुरतो, ते उंच म्हणून निवडलं जातं, निवडलं म्हणून त्याला जास्त सराव मिळतो, आणि मग ते खरंच चांगलं होतं. नंतर हेच अनेक खेळांत, अनेक देशांत दिसलं. डिसेंबरच्या पोराला मात्र कुणी सांगत नाही की बाबा तू वाईट नाहीस, तू फक्त अजून वाढायचा आहेस. त्याचं आपलं ठरून जातं, खेळ हा आपला प्रांत नव्हे. तेराव्या वर्षी ठरतं हे!

मुलींचं याहून अवघड. ड्युटीवर असताना माझ्याकडे मुली येतात, "मॅडम, आज बसू का", आणि मी कारण विचारत नाही कारण स्वेटर कमरेला बांधलेला असतो, भर उन्हाळ्यात. पाळी, पांढरा गणवेश, कपडे बदलायला नीट आडोसा नाही, आणि त्यावर पळताना छातीकडे बघणारी पोरं. ब्रिटनमध्ये ११ ते १८ वयाच्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलींना विचारलं होतं, २०१६ मध्ये ते छापून आलं, जवळपास निम्म्या, ४६ टक्के मुलींनी सांगितलं की स्तनांमुळे आपल्या खेळण्यावर काही ना काही परिणाम होतो. स्पोर्ट्स ब्रा कायम वापरणाऱ्या अगदी थोड्या. हा विषय आपल्या कुठल्या स्टाफ मीटिंगमध्ये येतो का? चेंडू किती घ्यायचे, नेट फाटलीये, ट्रॉफी कुठे ठेवायची, हे येतं. मुली पाण्याची बाटली भरलेलीच घरी घेऊन जातात कारण प्यायलं तर शाळेच्या टॉयलेटला जावं लागेल, हेही येत नाही.

आणि हे सगळं नेमकं त्याच वर्षांत, जेव्हा हाडं भरत असतात. उंची सर्वात जोरात वाढते त्याच्या आसपासच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजांपैकी सुमारे एक चतुर्थांश साठा होऊन जातो. दोन वर्षांत चौथा हिस्सा, मग उरलेलं आयुष्य त्यावर काढायचं. हाड भरायला कॅल्शियम लागतं हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्याइतकीच आदळआपट लागते, उड्या, धावणं, दिशा बदलणं, हाडावर भार आला की शरीर तिथे माल टाकतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवडाभरात सरासरी रोज ६० मिनिटं सांगताना आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम वेगळा सांगितलाय. बरं, त्यातला 'सरासरी' हा शब्द मला फार आवडतो. २०१० च्या सूचनेत रोजच्या रोज किमान ६० होते. आता सोमवारी वीस आणि शनिवारी शंभर चालतील. शाळांच्या वेळापत्रकाला हे अजून पोचलेलं नाही पण असू दे.

आता खाणं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

मधल्या सुट्टीत लहान मुलं डबा उघडतात, त्यांना खाऊन पळायचं असतं. मोठ्यांचे डबे बघा. कितीतरी मुलं झाकण पूर्ण काढत नाहीत. झाकण समोरच्या बाजूने उभं धरतात आणि त्याच्या आडून, मान खाली घालून, पटापट चार घास. आत काही वाईट नसतं, चांगलं घरचं असतं, पण ते घरचं असतं हीच अडचण आहे, डब्यातून घर दिसतं. वासावरून कुणी काही बोललं, "रोज हेच का रे", एवढं पुरतं. मग डबा तसाच परत जातो, किंवा शाळेतून निघताना कचऱ्याच्या डब्यात, आणि घरी आई विचारते "संपवलास ना?", "हो". पाकिटातलं खाणं याउलट सगळ्यांचं सारखं असतं. चिप्सच्या पाकिटातून कुणाचं घर दिसत नाही. ते वाटता येतं, हात घालता येतो, एका पाकिटावर चौघं उभे राहू शकतात. कोल्ड्रिंकची बाटली फिरते. या वयात पाकिटाची चव हा दुय्यम भाग आहे असं माझं मत आहे, पाकीट हे गटात उभं राहायचं तिकीट आहे. "जंक फूड खाऊ नका" असं आपण सांगतो तेव्हा मुलाला ऐकू येतं की एकटा बसून डबा खा.

मुली आणि मुलगे यांत फरक आहेच. चौदा वर्षांचा मुलगा वाढीच्या जोरात असेल तर तो राक्षसासारखा खातो आणि खाण्याबद्दल त्याची वाहवा होते, पैजा लागतात. मुलगी पोटभर खाताना दिसली तर कुणीतरी बघतं. ती अर्धा डबा मैत्रिणीला देते, "मला भूकच नाहीये". भूक असते. पाळी सुरू झाल्यावर तिला लोह जास्त लागतं, अमेरिकी शिफारस बघितली तर ९ ते १३ वयात दिवसाला ८ मिलिग्रॅम आणि १४ ते १८ च्या मुलींना १५, जवळपास दुप्पट, आणि त्याच वर्षी ती निम्मं खायला लागते. मग तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकलेलं, धाप लागते म्हणून जिन्यात थांबलेली, आणि शेरा काय, "लक्ष नाही, आळशी". पुष्कळदा आळशीपणा हा नुसता कमी पडलेला लोहाचा घास असतो हो, तपासून बघायला एक रक्ताची चाचणी लागते.

सकाळचं तर विचारूच नका. वयात आल्यावर मेंदूतलं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, मूल अकराच्या आधी झोपत नाही यातला काही भाग त्याच्या हातात नाहीच. राहिलेला भाग मोबाईलचा, आलाच शेवटी तो. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी असं अमेरिकेतले झोपेचे डॉक्टर सांगतात, तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तर २०१४ मध्ये सांगितलं की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवूच नका. पण शाळा लवकर भरते, मूल शेवटच्या क्षणी उठतं, इतक्या सकाळी भूक नसते, उपाशी येतं. मधल्या सुट्टीपर्यंत कडकडून भूक लागते आणि तेव्हा रांगेत समोर जे तळलेलं-गोड असेल ते दोन मिनिटांत आत. नाश्ता करत नाहीत म्हणून रागावतो आपण, पण त्याला भूक साडेनवाला लागते आणि साडेनवाला आपण त्याला बाकावर बसवून ठेवलेलं असतं, चोरून काही तोंडात टाकलं तर उभं करतो. पहिल्या दोन तासांनंतर दहा मिनिटांची खाण्याची छोटी सुट्टी हा काही फार क्रांतिकारक विचार नाही.

मोठ्या मुलांना खाण्याबद्दल शिकवताना आपण त्यांना बाळं समजतो ही दुसरी गंमत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॅन्सिंक म्हणून एक प्रसिद्ध प्राध्यापक होते, सफरचंदावर कार्टूनचं स्टिकर लावलं की मुलं बिस्किटाऐवजी सफरचंद उचलतात असा त्यांचा शोधनिबंध खूप गाजला. अभ्यास ८ ते ११ वयाच्या मुलांवर केला असं त्यात लिहिलं होतं. पुढे उघड झालं की मुलं ३ ते ५ वर्षांची होती! २०१७ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला, नंतर त्यांचे आणखीही बरेच. तरीही आपल्याकडची आरोग्याची पोस्टर्स बघा, हसणारं गाजर, डोळे असलेला टोमॅटो, आणि ती कुणाच्या वर्गात लावलेली तर पंधरा वर्षांच्या.

याच्या उलट एक अभ्यास मला पटला आणि मी तो माझ्या पद्धतीने वापरूनही बघितला. क्रिस्तोफर ब्रायन आणि डेव्हिड येगर यांनी २०१६ मध्ये तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दोन प्रकारचे धडे दिले. एका गटाला नेहमीचं, चांगलं खा, पुढे आजार होतील. दुसऱ्या गटाला सांगितलं की मोठ्या खाद्यकंपन्या तुम्हाला सवय लागावी म्हणून पदार्थ कसे घडवतात, लहान मुलांना गाठायला जाहिराती कशा करतात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच निमित्ताने खाऊ निवडायला दिला तर दुसऱ्या गटाने गोड आणि तळलेलं कमी उचललं. पुढच्या एका अभ्यासात मुलग्यांच्या कॅन्टीनमधल्या खरेदीत हा फरक काही महिने टिकलेला दिसला. म्हणजे पोरांना तब्येत नको असते असं नाही, त्यांना कुणी आपल्याला बनवलेलं चालत नाही. या वयातला सगळ्यात मोठा अपमान तो.

तर मी प्रयोगशाळेत साखर तोलायला लावली. कोल्ड्रिंकच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. तराजूवर वॉच ग्लास, म्हणजे काचेची उथळ बशी, ठेवून मुलांनी चमच्याने घालायला सुरुवात केली, वॉच ग्लास भरून साखर ओट्यावर सांडायला लागली तरी आकडा पुढे सरकेना, मग कुणीतरी बीकर आणला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभरात वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, दोन हजार कॅलरीच्या हिशोबाने ५० ग्रॅम, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवलीत तर आणखी चांगलं, म्हणजे २५. एवढं सांगितल्यावर वर्ग जरा चुळबुळला, पण फार नाही, अशी भाषणं त्यांनी खूप ऐकलीयेत. मग मी रिकाम्या बाटल्या फिरवल्या आणि लेबल वाचायला सांगितलं. साखरेचा आकडा मोठ्या अक्षरात शंभर मिलीचा, आणि बाटली तर एका बैठकीत संपवायची असते. पदार्थांच्या पाकिटांवर साखरेची नावं वेगवेगळी, डेक्स्ट्रोज, सिरप, आणखी काय काय, म्हणजे यादीत साखर पहिली येत नाही, तीन ठिकाणी विभागून खाली येते. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, हे आपल्याला येडं समजतात." बास. माझ्या पाऊण तासाच्या शिकवण्यापेक्षा ते वाक्य जास्त फिरलं. पुढे कित्येक दिवस मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांच्या हातातली पाकिटं ओढून मागची बारीक अक्षरं वाचत होती, "बघ बघ, तुला येडं समजतात". आता त्यांनी पाकिटं सोडली का? छे. पण गटात उभं राहायला दुसरंही एक तिकीट मिळालं.

मैदानावर जे केलं ते याच धर्तीवर. पीटीच्या सरांशी बोलून आम्ही आठवड्यातला एक तास बिनमार्कांचा केला. रांग नाही, हजेरी खेळता खेळता. मैदानाचे छोटे छोटे तुकडे, प्रत्येकात तीन-चार मुलं, सगळ्यांकडे आपापला चेंडू नाहीतर दोरी नाहीतर नुसती पायाखाली आखलेली जागा, एका कोपऱ्यात स्पीकरवर गाणी. टीम सर आधीच कागदावर पाडून आणतात, कुणी कुणाला निवडत नाही. सगळेच खेळत असल्याने बघायला कुणी उरत नाही, हा सगळा मुद्दा. गणवेशाचा पांढरा रंग त्या तासापुरता सोडला, गडद काहीही चालेल. बीप टेस्ट सर आता पाच-पाच जणांची घेतात आणि प्रत्येकाला त्याचाच मागचा आकडा दाखवतात. सगळं साधलंय असं अजिबात नाही, काही मुली अजूनही स्पीकरच्या कोपऱ्यात गप्पाच मारतात, पण चालत चालत मारतात, फेऱ्या घालत, आणि चालणं हेही चालणंच आहे. त्या डिसेंबरच्या पोरासारखी उशिरा वाढणारी काही पोरं दोरीवर इतकी तयार झालीत की टीममधले मुलगे त्यांना उड्यांची पद्धत विचारतात.

पालक विचारतात घरी काय करू. यावर अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये किशोरांच्या खाण्यावर बरंच काम झालंय, २०१३ च्या त्यांच्या एका निबंधात दिसतं की जिथे आईवडील मुलाशी त्याच्या वजनाबद्दल, जाडीबद्दल बोलतात तिथे उपाशी राहण्यासारखे उलटेसुलटे प्रकार जास्त, आणि जिथे बोलणं नुसतं चांगल्या खाण्याबद्दल असतं तिथे कमी. तर जेवताना पोराच्या पोटाकडे बघून काही बोलू नका, कौतुकानेही नाही, "बारीक झालीस गं, छान दिसतेस" हेसुद्धा तिला ऐकू येतं आणि ती लक्षात ठेवते. नाश्ता नको म्हणाला तर बरोबर काहीतरी हातात द्या, साडेनऊची भूक भागेल असं. डब्यात काय हवं ते त्यालाच भरू द्या, थोडं कमी पौष्टिक झालं तरी चालेल, पोटात गेलेला डबा परत आलेल्या डब्यापेक्षा बराच पौष्टिक असतो.

आता शाळेत एक नवीनच झालंय. तो बिनमार्कांचा तास वरपर्यंत कळला, कौतुक झालं, आणि मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलंय की याचीच वर्गवार स्पर्धा घ्यायची, पालकांना बोलवायचं, पहिल्या तिघांना ट्रॉफी. फोटोग्राफरपण सांगणार आहेत. बुधवारी मीटिंग आहे. सरांना मी पटवलंय, पण ते मीटिंगमध्ये फारसं बोलत नाहीत, त्यामुळे मलाच बोलावं लागणार असं दिसतंय.